भरतीची वाट

कोकणातल्या खाडीकाठी भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास खाडी तुडुंब. होडी कधी लोटायची, जाळं कधी लावायचं, चिखलात चिंबोऱ्या धरायला कधी उतरायचं, हे ठरवायला कोळ्याला एवढा हिशेब पुरत असे. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, ज्यांना आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात, हाच हिशेब पाळतात. सुकती लागली की ते चिखलावर पसरतात. पाणी चढू लागलं की उठतात आणि नवी मुंबईच्या काठावरच्या उथळ तलावांकडे जातात. सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागची पाणथळ, करावे गावाजवळ टी. एस. चाणक्य या नौकानयन संस्थेच्या मागची पाणथळ आणि शेजारच्या शाळेवरून ज्याला नाव पडलं तो डीपीएस तलाव, ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

या पाणथळी वाचवण्यासाठी तिथले रहिवासी दहा-बारा वर्षांहून अधिक काळ न्यायालयांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आहेत. एखाद्या पक्ष्याचं घर कायद्याच्या भाषेत कसं मांडावं लागतं आणि ते मांडताना काय निसटतं, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

आधी त्या पक्ष्याचं गणित समजून घ्यायला हवं. ओहोटीला खाडीच्या काठाने उघडा पडणारा चिखल वरून ओसाड वाटतो. प्रत्यक्षात त्यावर नीलहरित शैवालाचा आणि डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांचा थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. धाकटा रोहित मान वाकवून डोकं उलटं करतो आणि चोच त्या थरातून फिरवतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आणि गाळ आत ओढला जातो, चोचीच्या आतल्या बारीक कंगव्यांत शैवाल अडकतं आणि बाकीचं बाहेर पडतं. त्याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्याच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. थोरला रोहित उंच आणि फिकट असतो. तो चिखलातले किडे, बारीक कवचधारी जीव असलंही खातो. इथल्या थव्यांत धाकट्यांचीच संख्या खूप मोठी. शिवडीच्या चिखलावर हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल फोफावलं आणि त्यामागे पक्षी आले, असं अभ्यासक मानतात. २०१९च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, केलेल्या मोजणीत या परिसरात लाखाहून अधिक रोहित नोंदले गेले. पावसाळ्याच्या तोंडाला ते निघून जातात. त्यांची वीण कच्छच्या रणाकडे होते.

आता भरती. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या खाडीत पाणी ओहोटीच्या पातळीपेक्षा चार मीटरहून अधिक चढतं. धाकट्या रोहिताची उंची मीटरभरसुद्धा नाही. चिखल बुडाला की त्याचं खाणं बंद होतं आणि पाय टेकून उभं राहायलाही जागा उरत नाही. काठाला तिवरांची दाटी असते, आणि लांब पायांच्या, मोठ्या पंखांच्या पक्ष्याला तिच्यात उतरता येत नाही. त्याला हवं असतं उघडं, उथळ पाणी, चारी बाजूंचं दिसेल असं, जिथे एका पायावर उभं राहून चार-पाच तास काढता येतील. पुन्हा ओहोटी लागेपर्यंतची ही विश्रांती चुकली तर पक्षी हवेत घिरट्या घालत राहतो. खाऊन मिळवलेली ताकद उडण्यात खर्ची पडते. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायच्या दिवसांत ही उधळपट्टी त्याला परवडत नाही.

राज्य सरकारने २०१५मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं, सुमारे १,६९० हेक्टरांचं. २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण अभयारण्याची रेघ मुख्यतः खाडीचं पाणी, चिखल आणि तिवरं यांच्याभोवती फिरते. भरतीच्या वेळी पक्षी जिथे जातात ते तलाव रेघेबाहेर राहिले. ताट अभयारण्यात आणि अंथरूण बाहेर, अशी ही वाटणी झाली. बीएनएचएसच्या अभ्यासकांनी या बाहेरच्या जागांना उपग्रह पाणथळी म्हटलं आणि त्यांची यादी केली: भांडुप उदंचन केंद्राजवळची जागा, टी. एस. चाणक्य, एनआरआय, आणि उरणकडच्या पांजे, बेलपाडा, भेंडखळ. अभयारण्य टिकवायचं तर याही टिकवायला हव्यात, असं त्यांचं सांगणं आहे.

या जागा मुळात काय होत्या, हे पुढच्या वादाच्या मुळाशी आहे. नवी मुंबई वसली ती ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर. १९७०मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि भूसंपादन सुरू झालं. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाजणं होती. आगरी शेतकऱ्याने समुद्राला बांध घालून जमीन कसली होती आणि त्या बांधात एक झडप ठेवली होती. तिला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी दाबाने झडप मिटवतं, ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. शहर उभारताना नियोजनकारांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून पावसाचं पाणी भरतीच्या वेळात साठवून ठेवणारे धारण तलाव खणले, त्यांना झडपा बसवल्या. खाडीच्या कडेच्या सखल जागांत पाणी येत-जात राहिलं आणि पक्ष्यांनी त्या आपल्याशा केल्या. म्हणजे या पाणथळींत माणसाचा हात आहेच. पण पाणी खाडीचं आहे.

विकासाच्या आराखड्यात मात्र तिथे विक्रीयोग्य जमीन होती. सीवूड्सच्या पाणथळींच्या जागी गोल्फ मैदान आणि निवासी इमारती उभारायची योजना आली. २०१३मध्ये रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१६मध्ये राज्य सरकारने विकास आराखड्यात फेरबदल करून त्या बांधकामाला वाट करून दिली आणि लढ्याचा रोख त्या फेरबदलावर आला.

रहिवासी न्यायालयात गेले, हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्यामागे काय काय असतं ते थोडं उलगडून सांगतो. रोहिताच्या वतीने रोहित फिर्याद करू शकत नाही. पण राज्यघटनेच्या २२६व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करणाऱ्याचं स्वतःचं नुकसान झालेलं असावं लागत नाही, सार्वजनिक हिताचा प्रश्न दाखवता आला की पुरतं. आधाराला घटनेची आणखी दोन कलमं असतात. ४८-अ राज्याला पर्यावरण आणि वन्यजीवांच्या रक्षणाचं मार्गदर्शन करतं आणि ५१-अ (ग) तेच नागरिकाचं कर्तव्य ठरवतं. दोन्ही १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आली. दुसरा दरवाजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे एक अडचण आहे जी सामान्य माणसाला चटकन पटत नाही. हरित न्यायाधिकरणाला ज्या सात कायद्यांखालचे वाद ऐकता येतात त्यांत पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता हे कायदे आहेत, पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा नाही. म्हणजे तिथे पक्ष्याची बाजू मांडायची तर पाण्याची बाजू मांडावी लागते. शिवाय मुदत असते. कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. भराव टाकणारा डंपर पहिल्यांदा दिसला तो दिवस ज्याने लिहून ठेवला नाही, त्याचं प्रकरण तिथेच लंगडं पडतं.

आणि मग येतो एका शब्दाचा प्रश्न. पाणथळ म्हणजे काय? २०१७च्या केंद्रीय पाणथळ नियमांतली व्याख्या सुरुवातीला फार उदार आहे. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, गोड्या, मचूळ किंवा खाऱ्या पाण्याची, साठलेल्या किंवा वाहत्या पाण्याची, ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेलं समुद्राचं पाणीसुद्धा त्यात बसतं. पण पाठोपाठ अपवाद येतात: नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेल्या रचना. नवी मुंबईसारख्या ठिकाणी या अपवादांना फार मोल येतं, कारण जवळजवळ प्रत्येक सखल जागेचा भूतकाळ भातखाचराचा, मिठागराचा किंवा खणलेल्या तलावाचा आहे. ‘ही पाणथळ नाहीच, हा तर धारण तलाव’ असा युक्तिवाद इथे पुन्हापुन्हा झाला तो यामुळे. मला या युक्तिवादात एक मोठी चूक दिसते. नियमांत ‘मुद्दाम बांधलेल्या रचना’ असे शब्द आहेत. ज्या जागेवर पूर्वी मीठ पिकत होतं आणि आज खाडीचं पाणी खेळतंय ती जागा आज मिठासाठी बांधलेली रचना उरलेली नाही. जमिनीचा इतिहास तिच्या आजच्या जिवंतपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरणं न्यायाचं नाही.

रहिवाशांच्या मदतीला काही आधीचे आदेश होते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशभरातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह केला होता. त्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी मोजल्या गेल्या. २०१७च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एम. के. बालकृष्णन प्रकरणात आदेश दिला, की या सगळ्यांना, औपचारिक अधिसूचना निघाली असो वा नसो, पाणथळ नियमांतल्या तत्त्वांचं संरक्षण मिळेल. महाराष्ट्रात ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पाणथळींवर भराव टाकायला आधीच मनाई केली होती, आणि तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही आली. या समितीचं महत्त्व कमी लेखू नये. न्यायालयात जायला वकील लागतो, पैसा लागतो, वर्षं लागतात. समितीकडे एक अर्ज, चार छायाचित्रं आणि जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन कुणीही जाऊ शकतो.

पुराव्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण रहिवाशांचं खरं कसब तिथे लागतं. पक्षी सुंदर आहे, हा मुद्दा न्यायालयात उभा राहत नाही. तिथे तारीख लागते, वेळ लागते, ठिकाण लागतं. सकाळी फिरायला गेल्यावर मोबाइलवर काढलेलं छायाचित्र त्यातल्या नोंदीसकट जपून ठेवलं तर ते पुरावा होतं. पक्षीनिरीक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या याद्या, जुनी उपग्रहचित्रं एकापुढे एक लावून दाखवलेलं घटतं पाणी, माहिती अधिकारात मिळवलेला नकाशा, ज्या विभागाने आधी एक सांगितलं आणि नंतर दुसरं सांगितलं त्याची दोन पत्रं. आणि भरतीचं वेळापत्रक. ऐन ओहोटीच्या वेळी पाहणीला आलेल्या माणसाला उघडी, ओली जमीन दिसेल आणि पक्षी दूर खाडीत असतील. तो प्रामाणिक असला तरी ‘स्थळी पाणी व पक्षी आढळले नाहीत’ असंच लिहील. त्याच जागी सहा तासांनी हजारो पक्षी उभे असतात. त्यामुळे पाहणी कोणत्या तिथीला, किती वाजता, हे विचारायला शिकणं हे या लढ्यातलं सर्वांत उपयोगी शिक्षण असं मी म्हणेन. पाऊणपटीचा कोळ्यांचा हिशेब आता प्रतिज्ञापत्रांच्या जगातही लागू पडतो.

२०१८चं वर्ष या खाडीसाठी मोठं ठरलं. १७ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर कांदळवनांबद्दलचा, म्हणजे तिवरांच्या रानांबद्दलचा, अंतिम निकाल दिला. २००५च्या ऑक्टोबरपासून या प्रकरणात अंतरिम संरक्षण होतंच. अंतिम निकालाने सांगितलं, की राज्यातली सगळी कांदळवनं किनारा नियमन क्षेत्राच्या पहिल्या, सर्वांत कडक वर्गात येतात, त्यांच्याभोवती पन्नास मीटरांचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, आणि त्यांचा नाश हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. सार्वजनिक कामासाठी तिवरं तोडायची असतील तर उच्च न्यायालयात येऊन परवानगी मागावी लागते. ती कधीच मिळत नाही असं नाही. २०२२च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरं तोडायला न्यायालयाने परवानगी दिली. तरीही परवानगी उघड न्यायालयात, कारणं लिहून मागावी लागते, आणि रात्रीत तोडून सकाळी नाकबूल करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे फार वेगळं आहे.

त्यानंतर दीड महिन्याने, १ नोव्हेंबर २०१८ला, सीवूड्सच्या पाणथळींचा निकाल आला. मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने २०१६चे फेरबदल रद्द केले. गोल्फ मैदान आणि इमारतींचा मार्ग अडला. सिडको आणि विकासक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण उच्च न्यायालयाच्या त्या निकालाने एक गोष्ट नोंदीवर आणली: विकास आराखड्यातला रंग बदलला म्हणून खालचं पाणी जमीन होत नाही.

या रहिवाशांवर एक आरोप नेहमी होतो. खारजमिनीवर उठलेल्या इमारतींतच तुम्ही राहता आणि आता पुढच्या इमारतींना विरोध करता; तुम्हाला पक्षी नको आहेत, खिडकीतला देखावा हवा आहे. आरोपात तथ्याचा अंश आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. या जमिनीची पहिली किंमत आगरी-कोळी गावांनी मोजली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या भूमिपुत्रांच्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. ज्यांची खाचरं गेली त्यांच्या तुलनेत सदनिकेतल्या माणसाने काय गमावलं? पण आरोप करणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की उशिरा आलेल्या माणसाने उरलेलं वाचवायचा प्रयत्न केला तर त्यात वाईट काय? पहाटे उठून पक्षी मोजणाऱ्या निवृत्त माणसाचा हेतू थोडासा स्वतःच्या सकाळपुरता असला, तरी त्याने वाचवलेलं पाणी कोळ्याच्या मासळीलाही उपयोगी पडतं. तिवरांच्या मुळांत वाढणारी कोलंबी आणि निवटे कुणाच्या खिडकीकडे बघून वाढत नाहीत.

खरं तर भरतीच्या पाण्यासाठीचा मोठा खटला कोळ्यांनीच आधी लढवला होता. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. जेएनपीटी बंदराच्या विस्तारात भराव पडला, भरतीच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या, तिवरं मेली, मासळी गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ला पुण्याच्या पीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी असा निकाल दिला. तिचा भार जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्यात वाटून दिला. हेही प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण निकालाचा गाभा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुकसान मोजलं गेलं ते जमिनीच्या एकरांत नव्हे, अडलेल्या पाण्यामुळे बुडालेल्या रोजीत.

पाण्याची वाट अडली की काय होतं ते सीवूड्सच्या लोकांनी २०२४मध्ये डोळ्यांनी पाहिलं. डीपीएस तलाव सुमारे तीस एकरांचा. त्यावर कुणी इमारत बांधली नव्हती, झाडं तोडली नव्हती. शेजारी नेरूळची प्रवासी जेट्टी झाली, तिच्याकडे जाणारा रस्ता झाला, आणि त्या कामात खाडीतून तलावात येणाऱ्या पाण्याच्या वाटा बुजल्या, असं पर्यावरण कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं. तलाव आटत गेला. पक्षी सवयीने भरतीच्या वेळी येत राहिले आणि त्यांना उतरायला पुरेसं पाणी मिळेना. त्या मोसमात जेट्टीजवळच्या मोठ्या फलकावर आदळून रोहित मेले. तो फलक नंतर काढावा लागला. एप्रिलमध्ये तलावाच्या आसपास आणखी पक्षी मरून पडले, काही भरकटून रस्त्यावर आले. रहिवासी त्यांना उचलून उपचाराला नेत होते. रोहिताचे लांबलचक पाय मुडपून त्याला पेटीत कसं ठेवायचं, हे कुणाला ठाऊक असणार? त्याच वर्षी मे महिन्याच्या २० तारखेच्या रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरवर थव्याशी धडक झाली आणि ३९ रोहितांचा खच पडला. ‘फ्लेमिंगो सिटी’ असं नवी मुंबईचं नाव भिंतींवर रंगवलेलं होतं, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे होते, आणि खरे पक्षी कोरड्या तलावावर घिरट्या घालत होते. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

कायद्याची मर्यादा इथे उघडी पडते. बांधकामाला परवाना लागतो, म्हणून परवान्याला आव्हान देता येतं. तिवर तोडायला न्यायालयाची संमती लागते, म्हणून तोडणाऱ्याला जाब विचारता येतो. पण एक नळ बुजला, एक झडप गंजून मिटली, एका नालीत राडारोडा पडला, तर त्यासाठी कुठलाही परवाना निघालेला नसतो. आव्हान कशाला द्यायचं? वर्षभराने तलाव कोरडा पडतो, आणि कोरड्या जागेबद्दल कुणीतरी विचारतं, इथे पाणथळ आहेच कुठे? उरणच्या पांजे पाणथळीतही भरतीचं पाणी अडवलं जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आता हा प्रश्न माणसांच्या सुरक्षिततेचाही आहे. ठरलेली जागा हरवलेला थवा दुसरीकडे उतरायला बघणार, आणि त्या दिशेला धावपट्टी असू शकते. पाणथळी टिकवणं विमानांच्याही हिताचं आहे, हे पक्षी अभ्यासक आधीपासून सांगत आले आहेत.

डीपीएस तलावाच्या बाबतीत आरडाओरडा वाया गेला नाही. राज्य सरकारने समिती नेमली, पाण्याच्या वाटा मोकळ्या करायचं काम झालं, पाणी आलं आणि पुढच्या मोसमात पक्षीही आले. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मान्यता दिली. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद आहे, कलम ३६-अ. अभयारण्यापेक्षा ती सैल आहे. सरकारी मालकीच्या जमिनीवर, विशेषतः अभयारण्याला लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जागेवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून असं क्षेत्र घोषित करता येतं. अंथरूण ताटाला जोडायला हीच तरतूद कामाची होती.

पुढच्याच कलमात व्यवस्थापन समितीची रचना दिली आहे. वन विभागाचा एक प्रतिनिधी, क्षेत्र ज्या गावांत येतं त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन, शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचा प्रत्येकी एक. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रान होतं आणि गाव होतं, हे त्यावरून कळतं. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या तलावाला ग्रामपंचायत कुठून आणायची? त्या रिकाम्या जागेवर कोण बसणार, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सारसोळे आणि करावे या गावांत भरती-सुकतीवर ज्यांचं पोट होतं अशी माणसं अजून आहेत. नळ कुठे बुजलाय ते पाण्याच्या रंगावरून ओळखणारी, उघाडीत अडकलेलं लाकूड हाताने काढलेली. पक्षी मोजणाऱ्या रहिवाशाच्या शेजारी त्यांच्यातला एक जण त्या समितीत हवा, आणि झडप कधी उघडायची, कधी मिटायची, हे ठरवताना त्याचा शब्द चालायला हवा. हिवाळा लागला की अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमाराला तलावावर जाऊन पाहा. खाडी भरत आलेली असेल. तलावात पाणी असलं, तर थवा त्याच वेळी पश्चिमेकडून आत येताना दिसेल.